हात एकदा दाबला तर

४ जानेवारी, रविवार
महिला मंडळाची बैठक. पंचवीस जानेवारीचे व्याख्यान यंदा लता देणार. विषय : अमेरिकेतले राजकारण, डोळ्यांनी पाहिलेले.

एकोणीस वर्षे हे व्याख्यान मी देते आहे. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी राज्यघटनेतला एक भाग. गेल्या वर्षी राज्यपालांचे अधिकार घेतले. अकरा बायका होत्या. दोघी झोपल्या होत्या, स्टेजवरून दिसत होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, कमलताई, यंदा थोडं हलकंफुलकं घेऊ या. मी चिटणीस, त्यामुळे ठराव मलाच लिहायचा होता. 'सर्वानुमते' लिहिताना पेन जरा अडले.

एम.ए.ला राज्यशास्त्रात मी पहिली. लता दुसऱ्या वर्गात, तीही माझ्या वह्यांवर. आता ती पाच महिने पोराकडे ओहायोत राहून आली, झाली तज्ज्ञ. गेली होती वर्षभरासाठी. म्हणाली, थंडी सोसेना.

घरी आले तर ह्यांची कुस्ती चालू. अमेरिकेतली, रोजचीच. चमकीच्या चड्ड्या घातलेले दोन बैल एकमेकांना लोखंडी खुर्चीने बडवत होते. व्याख्यान लताला दिल्याचे सांगितले. "बरं झालं. तुले बी आराम," टीव्हीवरची नजर न काढता.

६ जानेवारी, मंगळवार
लता सं. ६ ला आली. धरमपेठेतून एवढ्या लांब, कळवल्याशिवाय. मला वाटले, व्याख्यानाबद्दल काही विचारायचे असेल. पर्समधून टोपी काढली ती ह्यांच्यासाठी. कुठल्याशा पहिलवानाची कवटी छापलेली, काळी. तिथे पोराबरोबर कुस्तीचा खेळ बघायला गेली होती, तेव्हा घेतली म्हणे. "म्हटलं, आपल्या ओळखीत एकच माणूस आहे ज्याला हिची किंमत कळेल."

ह्यांनी ती घातली. बहात्तराव्या वर्षी. मी आणलेली लोकरी टोपी डोक्याला टोचते.

मग दोघे कुस्ती बघत बसले. कोण कोणाचा सख्खा भाऊ, कोणी कोणाला दगा दिला, सगळे तिला ठाऊक. हे खूष. तीस वर्षे हा खेळ लागला की मी खोलीतून उठून जाते. आज जाता येईना आणि बसताही येईना. तीनदा चहा केला.

८ जानेवारी, गुरुवार
अमेरिकेच्या निवडणूकपद्धतीवर टिपणे काढली. चौदा पाने. कोणी मागितलेली नाहीत. लताला चार चुका तरी दाखवता येतील, एवढ्यासाठी.

१० जानेवारी, शनिवार
ल.चा फोन ह्यांच्या मोबाइलवर. बावीस मिनिटे. हे गच्चीत जाऊन बोलले. म्हणतात, खाली रेंज नसते. मला खाली नेहमी रेंज असते.

ती व्याख्यानात अमेरिकेतली निवडणूक आणि अमेरिकेतली कुस्ती यांची तुलना करणार आहे. कल्पना ह्यांची. तिने तिथे एक प्रचारसभा पाहिली. लोक सकाळपासून रांगेत, टोप्या-बनियन विकायला दुकाने, मग गाणे, धूर, दिवे, आणि शेवटी उमेदवार. त्याने विरोधकाला एक टोपणनाव दिले की सगळा मांडव तेच ओरडतो. तो मागे बसलेल्या टीव्हीवाल्यांकडे बोट दाखवतो, लोक त्यांच्या नावाने हुर्यो करतात. आणि सभा संपल्यावर तेच टीव्हीवाले आणि उमेदवाराची माणसे एका गाडीवर कॉफी पितात. हे तिने पाहिले. हे ऐकून आमचे गृहस्थ म्हणाले, "ही त नूरा कुस्ती झाली, आधीच ठरलेली."

तिला म्हणाले. मला जेवताना सांगितले.

खोटे आहे हे माहीत असून लोक ओरडतात का, एवढा एक प्रश्न मला खरोखर पडला. विचारला. वरणाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "मार खोटा असते वं. पडणं खरं असते." चौदा पानांत हे नव्हते. त्याचाच राग आला.

१३ जानेवारी, मंगळवार
उद्या संक्रांत. लाडू वळायला घेतले आणि ल. हजर. तिचा नवा बेत : एकटीचे भाषण कोण ऐकते? दोघींनी वाद घालायचा. ती नायिका. मी खलनायिका, सगळ्याला नाके मुरडणारी खडूस मास्तरीण. "तुला वेगळं काही करावं लागणार नाही," म्हणाली. हे हसले. खूप हसले. पाक कडक झाला.

हो म्हटले. का म्हटले? व्याख्यान संपूर्ण जाण्यापेक्षा अर्धे बरे. आणि मी नाही म्हटले असते तरी तालमी आमच्याच घरी झाल्या असत्या.

१५ जानेवारी, गुरुवार
पहिली तालीम. हे वस्ताद. उमरेडला हातमाग सोडून तालमीत पळायचे, असे सासूबाई सांगायच्या. पुढे वीज मंडळात लागले तेव्हा कुस्ती सुटली. आज चाळीस वर्षांनी त्यांचा तो तालमीतला आवाज ऐकला. ऐकला म्हणजे तो लताला ऐकवत होते, मी शेजारी होते.

शेवट आधीच ठरला. मी हरायचे. म्हटले, का म्हणून? तर म्हणतात, जिंकणारा कोणीही चालतो, पडणाऱ्यालाच जास्त यावे लागते. ल.ने मान डोलावली. पहिल्या वर्गातली मी, हरण्याची उजळणी करते आहे.

मग खूण शिकवली. जेवणाच्या टेबलाशी दोघींना बसवले, हात टेबलाखाली. "हे पा, ज्याले उचलते त्याचा जीव उचलणाऱ्याच्या हातात असते. म्हणून मधातच हात दाबतेत, पब्लिकले न दिसता. एकदा दाबला म्हणजे मी ठीक आहो, चालू दे. दोनदा दाबला म्हणजे थांब, लागलं." हे दाखवण्यासाठी लताचे मनगट धरले. मला म्हणाले, "तुले समजलंच असन."

कुस्तीतले काही त्यांनी मला कधी शिकवले नाही. मी विचारलेही नाही, हेही लिहून ठेवते.

१७ जानेवारी, शनिवार
दुसरी तालीम. ल. स्टेजसाठी वऱ्हाडी बोलते, घरी शुद्ध. "बायांनो, तिथं नेता येते कसा? गाणं वाजते, धूर निघते, अन् मंग नवरदेव येते!" आमचे गृहस्थ मांडी थोपटतात. ते स्वतः जन्मभर असेच बोलतात, त्यावर कोणी टाळी वाजवली नाही. मी तर सुधारतच आले.

माझे मुख्य वाक्य ठरले. ती चौथ्यांदा 'मी डोळ्यांनं पाहून आली' म्हणेल तेव्हा मी पट्टी आपटून म्हणायचे : "पाहून आलीस, समजून नाही आलीस." मग ती मला चीत करणार.

पट्टी माझी शाळेतलीच. सागवानी, फूटभर. ल.नेच आठवण करून दिली.

२० जानेवारी, मंगळवार
आज कळले ते नीट लिहिते.

भाजी निवडताना सहज म्हटले की ल. थंडीला कंटाळून आली आणि आता अमेरिकेचे गोडवे गाते. हे पटकन म्हणाले, "थंडीपायी नाही आली ते." मग जीभ चावली. मी चौतीस वर्षे वर्गात पोरींकडून खरे काढून घेतले आहे. दोन मिनिटांत आले. सुनेशी पटले नाही. एका सकाळी पोराने परतीचे तिकीट काढून हातात दिले. विमानतळावर सोडताना गाडीतून उतरलासुद्धा नाही. डिकीतून बॅगा तिने स्वतः काढल्या. हे सगळे तिने ह्यांना सांगितले. गच्चीतल्या त्या बावीस मिनिटांत.

पंचेचाळीस वर्षांची मैत्री माझी. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात सतरा रात्री मी दवाखान्यात झोपले. आणि सांगितले कुणाला?

मी विचारले, मला काहून नाही सांगितलं तिनं? (माझ्या तोंडून 'काहून' गेले.) हे भाजीकडे बघत म्हणाले, "तुले सांगतलं असतं त तू चूक कोणाची ते ठरवून टाकलं असतं."

कोणाला सांगू नको, असेही म्हणाले. मी कोणाला काय सांगणार.

२२ जानेवारी, गुरुवार
तिसरी तालीम. ल.कडे बघत होते. हसताना दात पूर्वी दिसायचे तसेच दिसतात. ओठावरची लिपस्टिकही ओहायोची. एकदा टेबलाखाली तिने हात दाबला, सरावाचा. मीही दाबला. चांगला वठला प्रवेश, हे म्हणाले. म्हणजे तिचा.

२५ जानेवारी, रविवार
रा. ८. झाले. आताच लिहिते, नाहीतर मन सोयीचे लिहील.

सभागृह भरले. शेजारच्या मंगल कार्यालयातून खुर्च्या आणाव्या लागल्या. एकोणीस वर्षांत खुर्च्या नेहमी उरल्या. ल. गाण्यावर आली, गळ्यात झेंडूचा हार, दोन्ही हात वर. मी दुसऱ्या बाजूने, पट्टी घेऊन. मध्ये टेबल, दोन खुर्च्या, माइक. आणि मागच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली. माझ्याच विद्यार्थिनी, आता पन्नाशीच्या बाया, तोंडाशी हात धरून हू हू करत होत्या. त्यांना हे करायचे होते, शाळेपासून. मी पट्टी उगारली, त्या आणखी चेकाळल्या. खोटे लिहीत नाही : मला आवडले. कधी नव्हे ते कोणी झोपले नव्हते.

ल. उत्तम बोलली. प्रचारसभा, टोपणनावे, धूर, सगळे. हे तिसऱ्या रांगेत. कवटीची टोपी घालून. माझ्या एकोणीस व्याख्यानांपैकी ते दोनांना आले होते, आणि एकदा अर्ध्यातून उठून गेले होते.

ती म्हणाली, "मी डोळ्यांनं पाहून आली!" पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी हे सगळ्यांत आधी टाळी वाजवत. चौथ्यांदा ती म्हणाली, आणि मी पट्टी आपटली. ठरलेले वाक्य तोंडात तयार होते. मी म्हणाले :

"एवढं छान होतं, तर पोरानं परतीचं तिकीट काढून हातात का दिलं?"

सभागृह कोसळले. हशा, शिट्ट्या, अध्यक्षबाई डोळे पुसत होत्या. सगळ्यांना वाटले, बसवलेले आहे. इतके नेमके वाक्य बसवलेलेच असणार.

ल.चा चेहरा हलला नाही. हारातले एक फूल तिने खुडले, एवढेच. मग टेबलाखाली माझा हात शोधला आणि दाबला. एकदा.

आणि माइककडे वळून म्हणाली, "काहून का बायांनो, तिथं भांडायले हे कमल नव्हती!"

लोक उभे राहिले. शेवटी जिंकायचे होते तिने. तिने उठून माझाच हात वर धरला, पंच धरतो तसा. मी जिंकले. पट्टी दुसऱ्या हातात होती.

खाली पाहिले. हे टाळ्या वाजवत नव्हते.

२६ जानेवारी, सोमवार
मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ. नेमके ते वाक्य, पंधरा सेकंद. कोणीतरी मागे ढोल लावला आहे. अभिनंदनाचे निरोप दिवसभर. एकीने लिहिले, कमलताई, तुमच्यात एवढा विनोद आहे हे ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

हे झेंडावंदनाला गेले, आले, जेवले. सं. ६ ला टीव्ही लावला नाही. टोपी खुंटीवर आहे.

२८ जानेवारी, बुधवार
शेवटी मीच बोलले. ती दुखावली असती तर दोनदा दाबला असता. तिने एकदा दाबला, म्हणजे ठीक. खूण तुम्हीच शिकवली.

हे दाढी करत होते. आरशात बघून म्हणाले, "हाड मोडलं तरी एकदाच दाबतेत. खेळ पुरा करा लागते."

मग साबण पुसून, शांतपणे : "आमच्या तालमीत असं कोणी केलं असतं त त्याले मातीत पाय ठेवू देल्ला नसता. तिनं अंग टाकलं होतं तुह्या हातात."

मी म्हणाले, तिने मन टाकले होते तुमच्या हातात, ते तुम्ही मला दिले. ते म्हणाले, "हो. ते माहंबी चुकलं." एवढ्या लवकर कबूल करतील असे वाटले नव्हते. पुढे भांडायला काही उरले नाही.

३१ जानेवारी, शनिवार
ल.चा फोन. माझ्या मोबाइलवर. आवाज नेहमीचा. कामठीच्या महिला मंडळाने व्हिडिओ पाहिला, बावीस फेब्रुवारीला आम्हा दोघींना बोलावले आहे. तेच, जसेच्या तसे. "तिकिटाचं वाक्य ठेवू या गं. टाळ्या त्यालाच पडल्या."

मग सहज विचारावे तसे : "तुला सुचलं कसं? भाऊजींनी सांगितलं?"

आता इथे मला म्हणता आले असते, नाही, माझ्या मनाने बोलले. खोटे, पण ह्यांची बाजू राहिली असती. म्हणता आले असते, हो, आणि माझे चुकले, माफ कर. ते खरे. मी दोन्ही म्हणाले नाही. गप्प राहिले. पाच-सहा सेकंद असतील. गप्प राहून काय होते हे मी वर्गात शिकलेले आहे, मी मुद्दाम गप्प राहिले.

ती म्हणाली, "बरं," आणि कामठीला कसे जायचे त्याचे बोलू लागली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ल. या आठवड्यात आली नाही. ह्यांनी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. मला विचारले, "तिनं इचारलं त तू काय म्हटलं?"

काही नाही म्हटलं.

"तेच त," म्हणाले.

मला हवे होते ते झाले. संध्याकाळी घरात कुस्ती नाही, फोन नाही, गच्चीतली बावीस मिनिटे नाहीत. हे माझ्यासमोर बसतात. बोलत नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार
सं. ६ ला मीच टीव्ही लावला. खुर्चीत बसले. एक आडदांड माणूस दुसऱ्याला दोरावरून खाली फेकत होता. मी विचारले, हा चांगला की वाईट? हे म्हणाले, "मागच्या महिन्यात चांगला होता." मग बऱ्याच वेळाने, "आता लोकायले समजून नाही राहिलं." पडलेल्याच्या हाताकडे मी टक लावून पाहत होते. दाबतो का ते कॅमेरा दाखवत नाही.

ल.च्या भाषणातला एक मुद्दा तेव्हा ऐकला, पण कानाआड केला होता. तिकडे आता खरा घाव बसला तरी लोक हसतात, कारण त्यांना वाटते बसवलेलेच आहे. तिने हे हसत सांगितले होते, माझ्या वाक्याच्या जरा आधी.

१४ फेब्रुवारी, शनिवार
ह्यांनी ल.ला चिठ्ठी लिहिली. कागदावर, वीज मंडळाच्या जुन्या पॅडवर. मला वाचायला दिली नाही, पण पाकीट चिकटवलेही नव्हते. टेबलावर दिवसभर पडले होते. मी उघडले नाही. हे लिहिण्यासारखे आहे म्हणून लिहिते.

संध्याकाळी स्वतः धरमपेठेत जाऊन तिच्या दारात टाकून आले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
तालीम, ल.च्या घरी. मी एकटी गेले. ह्यांना तिने बोलावले नव्हते. पत्राचा विषय तिने काढला नाही. शोकेसवर पोराचा, सुनेचा, नातीचा फोटो, बर्फात. त्याला काच नवी घातलेली दिसली. फोटोवरून कोणी धूळ पुसते हेही दिसले.

चहा दिला. मग टेबलाशी बसलो, हात खाली, सवयीने. तिने कागदावर टिकमार्क करत सगळे म्हटले. वऱ्हाडीत, पण हळू. पहिल्यांदा पाहून आली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा म्हणून थांबली.

"म्हण," ती म्हणाली.

पट्टी माझ्यापुढे होती. तोंड उघडले. ठरलेले जुने वाक्य सुचेना, आणि ते दुसरे तर एकसारखे सुचत होते. मी काही बोलले नाही. या वेळचे गप्प राहणे मुद्दाम नव्हते.

टेबलाखाली तिचा हात शोधला. दाबला. दोनदा.

ती कागदाकडेच बघत होती. तिने हात दाबला नाही. काढलाही नाही. खाली रस्त्यावर संत्रीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार चौकापर्यंत जाईतो आम्ही तशाच.

मग तिने पेन्सिल उचलली, त्या वाक्याशी आली, आणि ना टिकमार्क केला ना खोडले. पान उलटले.

"रविवारी दोनला निघू," म्हणाली. "ऑटो मी सांगते."

दोघींचा की तिघांचा, ते तिने सांगितले नाही. मी विचारले नाही. घरी आले तर हे टोपी हातात घेऊन बसले होते. डोक्यावर नव्हती, खुंटीवरही नव्हती.